शिशाचे खिळे

बातमी आली बुधवारी रात्री, पावणेअकराला.
वेळ लक्षात आहे, कारण गॅसची ज्योत फडफडली
आणि मी घड्याळाकडे पाहिलं.
लूकस थ्रेडगोल्ड. ओळीला एक पेनी.
कोटावर हंबर नदीचं धुकं, नखांत शाई.
"जुळवून ठेव, एबेल," एवढंच म्हणाला.

मी जुळारी. अक्षरं उलटी वाचतो,
त्यामुळे अर्थ जरा उशिरानेच पोचतो.
सावकारीण केझाया ऑर्म, राहणार हल,
शालीत गुंडाळलेली, पेटी फोडलेली,
डावा हातमोजा उजव्या हातात
आणि त्याची बटणं नीट लावलेली.

गुरुवारी दुपारी डॉक्टरांनी शाल सोडली.
हातमोजा तेव्हा दिसला. पोलिसांनाही तेव्हाच.
निरोप्या पोरगा जिन्यातून ओरडत आला
आणि मी फर्म्यापाशी उभा,
कालच जुळवलेल्या ओळीवर अंगठा ठेवून.

शुक्रवारी अंक निघायचा.

आता हे सांगायला हवं:
माझी नेल गेली त्या हिवाळ्यात
चार ओळी त्याने लिहिल्या होत्या तिच्यावर.
तिच्या शिट्टी वाजवण्याबद्दलसुद्धा.
पैसे घेतले नाहीत.

मी चिमट्याने ती ओळ उचलली,
सुतळीने बांधली, बंडीच्या खिशात टाकली.
खालची ओळ वर सरकली. कुणाला कळलं नाही.

शनिवारी थ्रेडगोल्ड हिशेबाला आला.
पट्टी लावून ओळी मोजायची त्याची सवय,
अर्ध्या ओळीसाठी मालकाशी भांडलेला माणूस.
मोजल्या. थांबला. पुन्हा मोजल्या.
एक कमी होती.
त्याने पेनी मागितली नाही.
माझ्याकडे पाहिलंही नाही; टोपी घातली, गेला.

त्यानेच केलं, की तो फक्त आधी पोचला होता
आणि दार ओढून घेऊन बातमी लिहायला बसला,
हे मला आजही ठाऊक नाही.
विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं.

आन्स्गार नावाच्या डॅनिश खलाशाकडे
तिचा चांदीचा चमचा सापडला.
तो आपल्या भाषेत काहीतरी सांगत राहिला.
यॉर्कला फाशी. थ्रेडगोल्डच्या ब्याण्णव ओळी.
मी जुळवल्या. एकही चूक नाही.

बंडीचा खिसा त्या बाजूने लोंबतो.
बायकोने दोनदा अस्तर शिवलं.
मालक कुरकुरतो: खणात 'जी' दोन कमी भरतात,
हातमोजा आला की अडतं.

झिजले असतील, मी म्हणतो.