आधाररेषा

चार वाजता मुरगाव सोडलं की
सहाव्या मजल्यावरच्या माझ्या दुकानात गर्दी होते.
"गोवा अजून किती वेळ आहे?" विचारतात,
हातात अत्तर, बाटली, पोरासाठी फुगवायचं कासव.
मी म्हणते, "तेरेखोलपर्यंत."
"ते कधी येतं?"
"आलं की यंत्र सांगतं."

यंत्र म्हणजे काउंटरखालचा राखाडी डबा.
त्याला अक्षांश-रेखांश कळतात,
भूक, झोप, गाव असलं काही कळत नाही.
बिलाच्या एका ओळीत तो छापतो: राज्य, गोवा.
मग एका क्षणी, कुठे काही हललेलं नसताना,
लाट तीच, डेकवर गाणारा तोच, गाणंही तेच,
छापतो: राज्य, महाराष्ट्र.
आणि इचलकरंजीचे एक काका
बाटलीवर वाढलेले एकशे साठ रुपये पाहून
खिडकीशी जातात, परत येतात.
"पाण्यावर रेघ दाखवा मला. दाखवा, लगेच देतो."

मी काय दाखवणार.

ट्रेनिंगला खंबाटा मॅडमनी फळ्यावर समुद्र काढला होता,
निळा खडू संपला म्हणून हिरवा.
बारा मैलांच्या आत विकलेली वस्तू,
जो किनारा सगळ्यांत जवळ
त्याच्या राज्यात विकली असं धरायचं.
'असं धरायचं'खाली त्यांनी दोन रेघा मारल्या.
मी हात वर केला: किनारा कुठला, भरतीचा की सुकतीचा?
वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत.
म्हणाल्या, सुकतीचा. अगदी खालच्या सुकतीचा.
तिथून मोजतात देश.

बाबांना हे सांगितलं असतं
तर खाडीत पचकन थुंकले असते.
तेरेखोलच्या खाडीत उतारू न्यायचे होडीतून,
अलीकडे एक राज्य, पलीकडे दुसरं,
आणि भाडं घ्यायचे बरोबर मध्यावर.
वल्हं आडवं टाकायचे, होडी हळूहळू फिरायला लागायची.
"पैशे काढ रे, हयसर कोणाचोच कायदो नाय."
पावती मागणाऱ्याला विडी द्यायचे.
पूल झाला. होडी माडाखाली पालथी पडली आहे,
तिच्या सावलीत खुडूक कोंबडी बसते.

आज अवस. सहाची सुकती मोठी.
उजव्या हाताला रेडी,
खाणीचा तांबडा डोंगर, खाली काळ्या खडपांची किनार.
नऊ मैलांवरून माणूस दिसत नाही,
पण मला ठाऊक आहे, बेबीआत्या तिथे असणार,
लुगडं गुडघ्याच्या वर खोचून,
वर्षातून चार-दोनदाच उघडं पडणाऱ्या
शेवटच्या खडपावर कोयतीनं कालवं फोडत.
तिच्यापुढे जमीन नाही.
म्हणजे हे अत्तर, हे कासव, काकांचे एकशे साठ रुपये,
सगळं तिच्या पायाच्या बोटांपासून मोजलेलं,
आणि तिला पत्ता नाही.
तिची कालवं शिरोड्याच्या बाजारात वाट्यावर जातात.
वाट्याला बिल नसतं.

फोनला रेंज येते, तीन दांड्या.
"खंय आसंस गो?" आई.
"दारात," मी म्हणते.
"मगे जेवूक ये. कालवांचा सुका आसा."
दोन दांड्या. एक.

काका माझ्या छातीवरची पट्टी वाचतात: रेडकर.
"हे गाव कुठं आलं?"
मी खिडकीकडे बोट करते.
"मग हे पैसे गावाला मिळतात का?"
"गावाला जेटी मंजूर आहे," मी म्हणते. "एकोणीस वर्षं."
ते बराच वेळ डोंगराकडे बघत राहतात.

एव्हाना भरती लागली असेल,
टोपली डोक्यावर घेऊन आत्या वर निघाली असेल.

काका बाटली परत ठेवतात, कासव घेतात, कर भरतात.
सुट्टे नाहीत म्हणून दोन रुपये माझ्याकडे राहतात.
मी ते काउंटरवर ठेवते, बोटानं गोल फिरवते.
कोणत्या राज्याचे, ते यंत्र विचारत नाही.