तिसरं प्रूफ

रिसबूड म्हणायचे, मजकुरात रमलात की चूक सुटते.
ओळ शेवटाकडून वाचा, एकेक शब्द सुटा करून,
म्हणजे अर्थ अंगावर येत नाही.
नारायण पेठेतल्या त्या छापखान्याच्या पोटमाळ्यावर
सव्वीस वर्षं मी अशीच वाचली
लोकांची चरित्रं, लोणच्यांची पुस्तकं, दहावीची गाइडं.

आता रात्री अडीचला माझंच प्रूफ येतं.
एकच ओळ, दर पानावर:
अवधूतचा फोन मी उचलायला हवा होता.

पहिल्या वर्षी वाचली आणि रडले.
दुसऱ्या वर्षी दुरुस्त करत बसले.
हात पिठाचे होते. तो नेहमी पैशांसाठीच करायचा.
मला कसं कळणार.
समासात इतकं लिहिलं की मूळ ओळ दिसेना,
आणि सकाळी ती जशीच्या तशी
छापून आलेली.

परवा पुन्हा आली.
खाली चौकात कुत्रं एकदा भुंकलं, गप्प झालं.
सवयीनं मी शेवटून लागले.

होता. बरोबर.
हवा. बरोबर.
उचलायला. इथे छाती आवळली.
तर तीही वाचली: डावीकडे, बरगडीच्या आत,
जुन्या चार आण्याएवढी जागा,
कडा गरम, मधे काही नाही.
मी. एकाक्षरी शब्द, नियमानं दीर्घ.
एवढंसं अक्षर
आणि डोक्यावर केवढी वेलांटी धरून उभं.
हसू आलं, अंधारात, एकटीला.
फोन. बरोबर.
अवधूतचा.
धू दीर्घ. शाळेत तो ऱ्हस्वच काढायचा,
स्वतःच्या नावात, चौथीपर्यंत,
आणि मी थुंकी लावून पाटी पुसून

इथे मी मजकुरात शिरले.
शिरले, एवढंच समासात टिपलं.
रागावले नाही. रिसबूडही नसते रागावले,
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले असते,
पुन्हा घ्या, बाई, मागच्या शब्दापासून.

ओळीत चूक सापडली नाही.
तीन वर्षं मी तिच्यात चूक शोधत होते.
ती नुसती एक ओळ होती, सहा शब्दांची.

खाली सही केली: वाचलं.
चौथं प्रूफ येईल, येतंच.
मग बराच वेळ ती जागा दिसत राहिली
शब्द आणि शब्द यांच्यामधली, कोरी,
जी कुणी तपासायला देत नाही,
आणि जिचे पानामागे पैसेही
कधी कुणी धरले नाहीत.