सात अक्षरं

लंडनहून आलेल्या झेरॉक्सांचं पाकीट
मीठवाऱ्याने दोन दिवसांत मऊ झालं.
एकशे बेचाळीस पानं, पाऊण पेन्शन.
वर शिक्का : आता गुप्त नाही.
ऐंशी वर्षांनी कागद सुटले.
माणूस कुठे आहे, ते त्यांनाही ठाऊक नाही.

भिवा गिरप, तांडेल, बंदर वेंगुर्ले.
इंग्रजांच्या वहीत त्याचं नाव बगळा,
मुरगावात अडकलेल्या जर्मनांच्या तारांत पाद्री,
आणि हा तर देवळाचीही पायरी न चढणारा.
गावात नुसता भिवा.
सुरमईचा भाव सांगताना खोटं बोलायचा,
हे दोन्ही सरकारांना उशिरा कळलं.

भरती पावणेचारला असेल
तर एकांना तो पावणेचार सांगे, दुसऱ्यांना साडेपाच.
पुढच्या महिन्यात उलट.
पान साठ : माहिती विश्वसनीय.
पान एकसष्ट, पकडलेल्या तारेचा तर्जुमा :
माहिती विश्वसनीय.
निवतीचा दिवा दोघांनाही सारखाच दिसत होता.

मी शोधत होतो देशद्रोह,
निदान देशप्रेम तरी.
सापडला खर्चाचा तक्ता.
होडीभाडं, मंजूर.
रॉकेल दोन डबे, मंजूर.
तेरेखोलच्या शिपायाला फेणी,
मंजूर, पुन्हा मागू नये.
बायकोसाठी खणाचं कापड दीड वार,
नामंजूर.
खाली सही इतकी वळणदार
की साहेबाला त्या दिवशी दुसरं काम नसावं.

पान एकशे एकोणचाळीस.
मोचेमाडच्या खाडीत, पहाटे, अमुक याच्या खबरीवरून...
आणि 'अमुक'वर काळी पट्टी,
होडीच्या फटीत डांबर भरतात तशी,
पाणी आत येऊ नये म्हणून.

पण टाइपरायटरची अक्षरं सगळी एका मापाची.
अठ्ठावीस वर्षं भूमिती शिकवली मी.
वरच्या ओळीवर फूटपट्टी ठेवली, मोजलं.
इंग्रजी सात.

रेबेलो बसतो सातात. पोस्टात होता.
आरोलकर बसतो. त्याच्या दुकानावर
त्याच साली पत्रे चढले.
मोंडकर बसतो.
फूटपट्टी पुसून पुन्हा मोजलं.
मोंडकर बसतो.
आजोबा भिवाच्या होडीवर पुढच्या वल्ह्याला असत.
त्या रात्री म्हणे त्यांना ताप होता.
आमच्या घरात ही गोष्ट
नशिबाची म्हणून सांगतात.

दाभोसवाड्यात भिवाची लेक यमू
खळ्यात सोलं वाळत घालत होती.
पंच्याऐंशीची. बोटं जांभळी.
"काय गावला रे कागदात?"
मी तिला भरतीचं सांगितलं, ती हसली.
पाद्र्याचं सांगितलं, जास्त हसली.
खणाचं सांगितलं.
एकशे एकोणचाळीस पिशवीतच राहिलं,
घडी घालून, चष्म्याच्या घराखाली.

बराच वेळ ती एकच सोल
उलटंसुलटं करत राहिली. ते वाळलेलंच होतं.
मग म्हणाली,
"मगे आवशीक तां कापड गावला काय नाय?"