एकतिसाव्या मिनिटाला

व्हिसाच्या खिडकीतल्या बाईनं विचारलं, निर्माता कोण?
मी म्हणालो, आई.
हजार विड्यांमागं जे सुटतं त्यातलं थोडं,
आणि तिचा बत्तीस वर्षांचा पीएफ.
बाईनं कागदावर लिहिलं, ‘स्वतः’.
तेही खरंच.

‘अर्धी पाळी’. लांबी अठ्ठेचाळीस मिनिटं.
पूर्वभागातल्या एका शेडमध्ये, वीज असेपर्यंत,
तिघांनी केलेला गोंगाट.
नागनाथ येमूलचा ड्रम, म्हणजे रंगाचे दोन डबे
आणि एक खरा, हप्त्यावरचा.
सिद्राम हत्तुरेच्या गिटारला तारा दोन,
बाकीच्या कशाला, म्हणतो.
आणि शबिस्ता. ती गात नाही.
पाचव्या दिवशी पहाटे तीनला नळ येतो
तेव्हा गल्लीला हाक मारावी, तशी ओरडते.
मागं बालय्यामामाचे चार माग
चालूच होते. ते कोण थांबवणार?

हार्ड डिस्क टॉवेलात, टॉवेल भाकऱ्यांच्या पिशवीत.
विमानतळावरच्या कुत्र्याला
फक्त शेंगाचटणीचा संशय आला.

तेवीस दिवस, एकोणीस गावं,
एक व्हॅन, जिचं दार नाडीनं बांधलेलं.
चालवायला योहाना, अर्धं डोकं भादरलेलं,
गियर बदलताना शिवी द्यायची, प्रेमानं.
झोपायचं ते बंद पडलेल्या शाळेत, कुणाच्या स्वयंपाकघरात,
कुलूप तोडून घेतलेल्या घरात.
शबिस्ता म्हणाली, आपल्या मिलच्या चाळीसारखंच की,
फक्त इथं लोक हौसेनं राहतात.
गेंटला त्यांच्या मसुरीच्या सूपमध्ये
सिद्रामनं कडक भाकरी मोडली.
असा आवाज आला
की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
आमच्या त्या रात्रीच्या सगळ्यात मोठ्या टाळ्या.

लाइपझिगला जुनी सूतगिरणी, छतापर्यंत खिडक्या,
आणि पडदाच नाही.
मी अंगावरची चादर काढून खिळ्यांना टांगली.
त्या रात्री आई विड्या वळत होती
आणि तिच्या गालावर मोर होता.

शेवटी एकानं विचारलं,
मागचा ताल कुठल्या मशीनवर केला?
मशीनवरच, मी म्हणालो.
सगळे हसले.
मी विनोद केला नव्हता.

टोपी फिरवून जमलेली नाणी,
डिझेल वजा जाता तीनशे दहा युरो.
त्यातली एक कात्री आईला.
तिनं तेंदूचं एक पान कापून बघितलं,
धार बरी आहे म्हणाली,
आणि जुनीच उचलली.

मग शेडमध्येच दाखवला, माग बंद ठेवून.
बंद शेडमध्ये माणसं हळू बोलतात,
मोठ्यानं बोलायची सवय असलेली तर आणखीच.
बालय्यामामा सुताच्या पोत्यावर, सगळ्यात पुढं.
एकतिसाव्या मिनिटाला तो उठला.
दारम तेगिंदिरा!
आणि हात नेला
माग थांबवायचा दांडा असतो तिथं,
म्हणजे पडद्यापाशी, हवेत.

कुणी हसलं नाही.
मागं घेऊन पुन्हा ऐकलं, पुन्हा.
शबिस्ताच्या किंकाळीच्या पोटात
खटक् खटक् खटक्
आणि एक ठोका पोकळ.
धागा तुटल्याचा.
एकोणीस गावांत कुणाला कळला नाही.
संकलन करताना तीन महिने
मी तोच तुकडा कापत बसलो होतो.
मलाही नाही.

त्या पीसचे पैसे कापले होते, मामा म्हणाला,
आत्ता आठवलं.
कॅमेऱ्याकडं बघत होतो ना बे मी.

किती कापले, मी विचारलं.
खिशात अजून थोडी नाणी होती,
सोलापुरात न चालणारी.

तो पोत्यावर बसला, धोतर सारखं केलं.
पुढं लाव, म्हणाला.