एक तास मिळवा

बसा. नकाशा अख्खा उलगडू नका, टेबल पुरायचं नाही.
कोपऱ्यांवर कप ठेवा. डागांची काळजी नको,
त्यातले बरेचसे डाग माझ्याच कॉफीचे, बेटं नव्हेत.
हा बारीक ठिपका मात्र डाग नाही.
त्याच्यापासून लांब राहायचं.

तर, मेचा दुसरा आठवडा.
त्याआधी निघालात तर वरच्या धक्क्यांवर
डिझेलच्या पंपाला कुलूप आणि कुलपावर बगळा.
हिशोब सोपा आहे: अनाकॉर्टेस ते केचिकन सहाशे मैल.
'मार्गिट' तासाला सात चालते, आठ म्हटलं की नाक मुरडते.
म्हणजे शहाऐंशी तास. तासाला दोन गॅलन.
एकशे बहात्तर.
टाकी तीनशेची, पण तळच्या पन्नासांवर विसंबू नका,
तिथे एलोफच्या तरुणपणाचा गाळ आहे.

टोबिन सगळं फोनमध्ये भरतोय.
मारिसेला भरत नाही. पेन्सिलीच्या खुणांवरून
ती बोट फिरवतेय, जणू कुणाच्या पाठीवरून.
'दो. बु. म्हणजे?'
दोरी बुडाली. नवी होती.
'आणि हे, न. घ.?'
नांगर घसरतो. रात्री दोनला कळतं,
जेव्हा खिडकीतली झाडं जागा बदलतात.

केप कॉशनच्या अलीकडे थांबायचं.
एक दिवस, चार दिवस, वारा म्हणेल तितके.
पत्ते न्या, लोकर न्या, भांडायला एखादा जुना विषय न्या.
पलीकडे कुणाला तारीख देऊन बसू नका;
तारीख पाळायला निघालेल्यांच्या होड्या
आम्ही दोनदा ओढून आणल्यात.

आता सीमूर नॅरोज. पेन्सिल घ्या, फोन नको.
तिथे पाणी पंधरा नॉटने धावतं
आणि दिवसातून चारदा, जेमतेम काही मिनिटं,
विसरल्यासारखं उभं राहतं.
त्या मिनिटांत पार व्हायचं.
कोष्टकातली वेळ हिवाळ्याच्या घड्याळाची असते.
उन्हाळ्यात एक तास मिळवायचा.
मिळवायचा. वजा नाही.

चौऱ्याण्णव साली एलोफ मिळवायला विसरला.
'मार्गिट' जात्यासारखी फिरली,
बशा कपाटातून उतरून चालू लागल्या,
किनारा डावीकडून आला, उजवीकडून आला, पुन्हा डावीकडून.
तो अवाक्षर बोलला नाही.
बाहेर पडल्यावर म्हणाला, न्याहारी करू या.
अंडी सगळी जमिनीवर होती.

नोव्हेंबरात गेला. घड्याळं मागे घेतात त्या रात्री.
नर्सने कागदावर लिहिलं: दीड.
मी विचारलं, कुठला?
त्या रात्री दीड दोनदा वाजतात.
ती बिचारी थकलेली. म्हणाली, काय फरक पडतो?
फरक पडतो, बाई.
एक तास इकडचा तिकडे झाला
तर होडी कुठल्या कुठे जाते.
मी अजून कोष्टक चाळते.

असो. कॅनडाच्या कस्टमला सफरचंदं दाखवा, चेरी लपवू नका.
इंपेलर दोन न्या. तिसरा माझ्याकडे आहे, तोही न्या.

'इथे काहीच लिहिलं नाही,' मारिसेला म्हणते.
तिचं बोट एका खाडीवर, इतकी चिमुकली
की नखाखाली मावली.
इथे अकरा उन्हाळे थांबलो आम्ही.
लिहावं असं काही घडलं नाही.
खेकडे खाल्ले. त्याने माझे केस कापले, वाकडे.
ती पेन्सिल उचलते, मग ठेवते.

पाऊस उघडलाय. चला, धक्क्यावर जाऊ,
इंजिन ऐकवते तुम्हाला.
सुरू होताना तीनदा खोकतं,
ते दुखणं नव्हे.
चौथ्यांदा खोकलं, तर मला फोन करा.
कुठल्याही वेळी करा,
फक्त तिकडचं घड्याळ बघून.