सराट्याचं बिऱ्हाड

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात.
याच्या पाठीवर नुसतेच काटे.
बिऱ्हाड मलाच मांडायचं होतं,
कन्नमवार नगरात, फॉल-पिकोच्या मशीनशेजारी,
जिथे परवापर्यंत
कुणी न्यायला न आलेल्या ब्लाउजांचे गठ्ठे होते.

ओजसने बुटाच्या खोक्यातून आणला.
"आत्या, दोनच महिने. मेलबर्नला बस्तान बसलं की बघतो."
काय बघणार ते त्याने सांगितलं नाही,
मीही तोंडाला टीप मारून घेतली.

खाली वॉचमन म्हणाला, साळिंदर.
तिसऱ्या मजल्यावरच्या पेडणेकरीणबाई, अगबाई घूस!
वनखात्याच्या फॉर्मवर हेजहॉग.
मला मात्र खोक्यात डोकावताच
ओळखीचं कुणी भेटल्यासारखं झालं:
माझ्या मनगटावरची टाचण्यांची गादी,
फक्त सगळ्या टाचण्या टोकं बाहेर काढून.
सराटा म्हटलं. फुस्स केलं त्याने.
म्हणजे बारसं झालं.

घाटकोपरचे डॉक्टर कुट्टी सांगत गेले,
मी मापांच्या वहीत लिहीत गेले.
चाक बारा इंची, तळ सलग. गजांचं नको, पाय अडकतो.
लपायला घर, दार एकच, आत अंधार.
मांजराचं कोरडं खाणं दोन चमचे, किडे मोजून.
दूध नाही.
(दारात आलेल्या कशालाही दूध देणारी माझी आई
हे ऐकून उठूनच गेली असती.)
"घरी एसी?"
"नाही हो."
"छान. गारठला तर झोपी जाईल, आणि मग उठायचा नाही."
माझ्या घरातल्या उकाड्याला
आजवर कुणी छान म्हटलं नव्हतं.

त्या पानावर वर सौ. म्हाप्रळकर, छाती अडतीस, बाही नऊ.
खाली सराटा, तीनशे बारा ग्रॅम.
उंची घेऊ दिली नाही.

मऊ ब्लँकेटच्या उरलेल्या तुकड्यांचं अंथरूण शिवलं.
डॉक्टर म्हणाले होते, सुटा धागा बोटाला गुंडाळला तर बोट जातं.
कडा दोनदा दुमडल्या, दातांनी धागे तोडले,
भिंग लावून पाहिलं.
एकतीस वर्षं उलटी बाजू उलटीसारखीच शिवली,
कोण बघतंय?
याच्यासाठी पहिल्यांदा दोन्हीकडून सुलट.

"तुमच्या अंगावरचं एखादं कापड आत ठेवा, न धुतलेलं.
तुमचा वास कळू दे."
कपाट उपसलं.
नव्या कापडाची खळ, गिऱ्हाइकांची अत्तरं,
कुणाच्या साखरपुड्याची डांबरगोळी.
माझा वास कुठे ठेवलाय मी?
शेवटी सापडला तो मशीनच्या खणात,
मान पुसायच्या फडक्यात:
घाम, खोबरेल, थोडी दुपार.

मग रात्रीमागून रात्री नुसतं फुस्स.
कुकर शिट्टीआधी करतो तसं.
मी खाणं ठेवायचे, पाणी बदलायचे,
दिवा मालवून पडून राहायचे.
बाराला चाक सुरू, घरर्र घरर्र, चारपर्यंत.
"रात्रीसुद्धा शिवतेस गं?" पेडणेकरीणबाईंनी जिन्यात विचारलं.
म्हटलं, लग्नसराई आहे.

बहुधा नववी रात्र.
चाक थांबलं म्हणून जाग आली.
टॉर्चवर ओढणी टाकून पाहिलं तर
फडकं चावत होता.
तोंडाला फेस. माझ्या पोटात गोळा.
मग मान मुरगाळून, पाय फाकून, पडता पडता,
जिभेने तो फेस
आपल्याच काट्यांवर सारवायला लागला.

रात्री दीडला डॉक्टरांना फोन.
ते जांभई देत हसले.
"वास नवा लागला की करतात असं. अंगाला लावून घेतात.
झोपा आता."

झोप कसली.
हात आत, पालथा, जमिनीला टेकून.
तो आला, हुंगला, बोट चाटून पाहिलं,
आणि किडा नाही हे कळल्यावर निघून गेला.

सकाळी ओजसचा मेसेज. कसा आहे तो?
बरंच काही टाइप केलं, पुसलं.
मापात आहे, एवढंच पाठवलं.
चाक घाण झालं होतं, ते धुवायचं होतं.