मापटं

रविवारी त्लाकोलुलात रस्ते दिसत नाहीत,
ताडपत्र्या दिसतात, एकीला एक बांधलेल्या,
आणि त्यांच्याखालून वाकून जाणारे परदेशी.
मला वाकावं लागलं नाही.
आयुष्यात पहिल्यांदा एका गावाची उंची
माझ्या बेताची निघाली.

पिशवीत बापाचं लाकडी मापटं.
लॉस एंजेलिसला चाळीस वर्षं लोकांची ताटं विसळली त्यानं,
पण याला कुणाला पाणी लावू दिलं नाही.
फ्रिजवर असायचं ते.
आत विजेची बिलं, चाव्या, संपलेले सेल.
"आपली गादी होती बाजारात," म्हणायचा,
"देवळाच्या भिंतीला लागून.
अबुंदिओचा घेवडा म्हटलं की मित्लाहून माणसं यायची."

मी ती भिंत शोधत होते.
पाय बांधलेल्या टर्की, तिखटमीठ लावलेले नाकतोडे,
धूप, बकऱ्याचा रस्सा, पुन्हा धूप.
माझी स्पॅनिश लोकांना कळते
आणि मग त्यांना माझी कीव येते.
झापोतेक मला शिव्यांपुरती येते,
त्याही बहुतेक जुन्या झालेल्या.

भिंतीशी बसली होती क्रेसेन्सिया,
वेणीत हिरवी फीत, पुढ्यात काळ्या घेवड्याचा ढीग.
मी बापाचं नाव सांगितलं, मापटं पुढे केलं.
तिनं ते कलिंगडासारखं ठोकून पाहिलं.
शिगोशीग भरलं, वर हात फिरवला,
आणि सगळं आपल्या मापट्यात ओतलं.

दोन बोटं कमी.

"दोन बुडं आहेत याला.
एक गिऱ्हाइकासाठी, एक त्याच्यासाठी."
शेजारची टर्कीवाली इतकी हसली
की पाखरांनी माना वर केल्या.
"माझ्या आईनं धरलं त्याला. भर बाजारात.
सोमवारी गाव सोडलं."

आमच्या घरी ही गोष्ट वेगळी होती.
तिच्यात दुष्काळ होता, रात्रीची बस होती, एक नदी होती.
मापात पाप नव्हतं.

आणि मला आठवलं, वाढताना त्याचा हात थांबत नसे.
पुरे म्हटलं तरी आणखी एक पळी.
रोज उरायचं, रोज टाकावं लागायचं.
आई चिडायची: "कुणाचं देणं लागतोस रे?"
तो म्हणायचा, "खा."

मी म्हटलं, एक माप द्या. तुमच्या मापानं.
भरा मात्र यात.
दोन बोटं घेवडा काठावरून सांडला,
तो मी ओंजळीनं गोळा करून
तिच्या ढिगावर ठेवला.
ती काही बोलली नाही.
तळहातानं ढीग सारखा केला, पैसे मोजून घेतले.
"पलीकडे सुतार बसतो," तेवढं म्हणाली. "बूड काढून देईल."

राहू दे, म्हटलं.

बसमध्ये ते मांडीवर होतं.
खड्डा आला की आत, दोन बुडांच्या मध्ये,
काहीतरी खुळखुळायचं.
घेवडा नसणार इतक्या वर्षांचा.
खिळा असेल.